नकाशातला ओढा

शेजारच्या नव्या इमारतीचा नकाशा बघायला मी आणि आमच्या तळमजल्यावरच्या सुधाताई महापालिकेत गेलो होतो. साहेबांनी तो टेबलावर पसरला. पार्किंग, झाडं, अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा, सगळं नियमात होतं. मधला वाकडातिकडा ओढा मात्र सरळ रेघ होऊन पाइपात शिरला होता.

"पावसाळ्यात तो आमच्या दारापर्यंत येतो हो," सुधाताई म्हणाल्या.

"काळजी करू नका, पाइप नियमाप्रमाणेच आहे," असं म्हणत साहेबांनी सौम्यपणे शिक्का मारला.

मला त्या सौम्यपणाचीच भीती वाटली. पाण्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आता इमारतीची भिंत पूर्ण झाली आहे. काल सुधाताई गाद्या आणि नवऱ्याचा फोटो माझ्याकडे वर ठेवायला घेऊन आल्या. बाहेर रणरणतं ऊन होतं.