मधलं नाव

कळंबच्या बाजारात बिभीषण देवकते कोण म्हणून विचारलं तर चार जण विचारात पडतील. पिग्मीवाले मामा म्हटलं, की भाजीवालीपासून चांभारापर्यंत कुणीही सांगेल, आत्ता बसस्टँडकडं गेले असतील बघा. उमेदीची सगळी वर्षं या माणसानं एकाच कामात घातली. दुपार कलली की खांद्याला रेक्झिनची पिशवी अडकवायची, दुकानं आणि हातगाडे फिरून प्रत्येकाची त्या दिवसाची लहानशी बचत, म्हणजे पिग्मी, गोळा करायची, मशीनमधून पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी पतसंस्थेत भरणा करायचा. वर मिळेल ते कमिशन हाच पगार. वाडवडील मेंढरं राखायचे. बिभीषणराव म्हणायचे, मीही राखणच करतो, फक्त माझी मेंढरं लोकांच्या खिशात असतात.

या सरळमार्गी माणसाला एकच वेड होतं, आणि ते लेकीपायी लागलेलं. करिश्मा त्यांची एकुलती एक. एम.कॉम. होऊन ती कळंबमध्येच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि सुट्ट्या लागल्या की हात हलवत घरी. कायम व्हायचं तर नावावर लेख हवेत, तेही नीट मान्यता असलेल्या संशोधन पत्रिकेत. म्हणून तिनं ऑनलाइन बँकिंग आणि व्यापार हा विषय धरला आणि पुण्याहून निघणाऱ्या एका इंग्रजी त्रैमासिकाला लेख पाठवायला सुरुवात केली.

पहिला लेख छापून आला. बिभीषणरावांना इंग्रजी सहीपुरतं यायचं, पण मथळ्याखालचं ‘करिश्मा बिभीषण देवकते’ त्यांनी बरोबर हुडकलं. आपल्याकडं पोरीच्या नावामागं बापाचं नाव लागतं, त्यात नवल ते काय. शाळेच्या दाखल्यावर असतं, रेशनकार्डावर असतं. पण पुस्तकात छापलेलं स्वतःचं नाव देवकत्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, तिला लॅमिनेशन केलं आणि पिग्मीच्या पिशवीत ठेवली. मग काय, गिऱ्हाइकाला आधी पावती आणि पाठोपाठ पान. करिश्माची आई म्हाळसाबाई टोकायच्या, की लग्न झाल्यावर मधलं नाव जाणारच आहे, तर येवढं कशाला मिरवायलाव? ते म्हणायचे, जाईल तवा जाईल, तवर मिरवू दे की.

तिसऱ्या लेखासाठी करिश्मानं कळंबचाच बाजार निवडला. अनोळखी बाईनं प्रश्नावली पुढं केली तर दुकानदार ‘नंतर या’ म्हणतात, हा तिचा आधीचा अनुभव. या खेपेला आण्णा स्वतः तिच्या बरोबर हिंडले. आण्णा म्हणजे बिभीषणराव, घरात त्यांना आण्णाच म्हणायचे. प्रत्येकाला सांगत, माझी लेक हाय, लिव्हायलीय, सांगा तिला काय इचारती ते. मामांचा शब्द म्हणून शिंप्यानं मशीन थांबवून उत्तरं दिली. भाजी विकणाऱ्या गंगम्मानं तर बसायला पोतं झटकून दिलं. ती उमरग्याकडची, तोंडात अर्धं कानडी. फोननं पैसे घेता का, कधीपासून, रोकड किती कमी झाली, असे सगळे प्रश्न करिश्मानं विचारले आणि उत्तरं भरून घेतली.

लेख झाला, पण संपादकांनी परत धाडला. नुसते निष्कर्ष चालणार नाहीत, शेवटी ठोस शिफारशी हव्यात. करिश्मानं आकडे पुन्हा पाहिले. जवळजवळ प्रत्येक गाड्यावर क्यूआर कोड, पैसा थेट खात्यात. तेव्हा दारोदार फिरून ठेव गोळा करणारी प्रतिनिधी व्यवस्था खर्चिक आणि कालबाह्य झाली असून संस्थांनी ती टप्प्याटप्प्यानं बंद करावी, असं तिनं एका बैठकीत लिहून टाकलं. लिहिताना तिच्यासमोर ‘प्रतिनिधी’ होता, बाप नव्हता. शिकल्यासवरल्या माणसांचं हे असं होतं. शब्द जरा जड वापरला, की मागचं माणूस दिसेनासं होतं.

अंक आला तेव्हा आण्णांनी विचारलं, काय लिव्हलंय यात? बाजारातले लोक फोननं पैसे कसे घेतात ते, असं तिनं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. आण्णांनी पान हातात घेतलं. या अंकात नाव ठळक छापलं होतं. ते इतके हरखले, की लॅमिनेशनचीही वाट न बघता अंकच पिशवीत घालून थेट पतसंस्थेत गेले आणि मॅनेजर शरणबसप्पांच्या टेबलावर उघडून ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शरणबसप्पांनी चहा पिता पिता लेख शेवटपर्यंत वाचला, मग मान वर न करता म्हणाले, अंक दोन दिवस राहू द्या माझ्याकडं.

संचालकांना पिग्मीचं कमिशन केव्हाचं खुपत होतं. पण इतक्या वर्षांच्या माणसाला घरी बसवायचं, तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? आता ती छापूनच आली होती. बैठकीत शिफारस वाचून दाखवली गेली, लेखिकेच्या पूर्ण नावासकट. पुढच्या महिन्यापासून पिग्मी बंद.

करिश्माला यातलं काहीच कळलं नाही. आण्णांनी घरी सांगितलं, गुडघे दुखायलेत, सोडलं काम. तिला उलट बरंच वाटलं. आता आराम करा म्हणाली आणि धाराशिवहून त्यांना मऊ तळव्यांच्या चपला आणल्या. त्या घालून आण्णा रोज दुपार कलली की बाहेर पडत. फिरून येतो म्हणत.

पुढल्या लेखाच्या तयारीत ती पुन्हा बाजारात गेली. या वेळी एकटीच होती. गंगम्मानं तिला पाहिलं, पण पोतं काही झटकलं नाही. करिश्मानं प्रश्न विचारला, तशी ती कोथिंबिरीवर पाणी मारत राहिली. मग म्हणाली, "तुला आनि काय लिव्हायचं राह्यलंय? मामाची पिग्मी बंद केली की तुज्या कागदानं."

करिश्माला आधी उमजेना. गंगम्मानं मग सगळं सांगितलं, बैठकीपासून. बाजाराला हे ठाऊक होतं, फक्त घरात नव्हतं. ती म्हणाली, मामा अजूनही रोज वेळेवर येतो, तीच वाट, तीच दुकानं. सवयीनं मी पैसे काढून पुढं करते, तो घेत नाही. माझ्याच पदराला गाठ मारून देतो, खर्चू नगंस म्हणतो आणि पुढं जातो.

"पर गाठीतलं ऱ्हातंय व्हय?" गंगम्मा म्हणाली. "फोनात आलेलं फोनातनंच जातंय. मामा दारात हुबा ऱ्हायचा, त्याची लाज वाटायची, म्हनून चार पैसं मागं पडायचं."

हा प्रश्न करिश्माच्या प्रश्नावलीत नव्हताच. पैसा येतो कसा, एवढंच तिनं विचारलं होतं. परतताना गल्लीच्या तोंडाशी तिला रडू फुटलं. लोक बघत होते, तरी तिला ते आवरलं नाही.

घरी आण्णा ओसरीवर बसले होते. तिनं एवढंच विचारलं, "गुडघ्याचं खोटं का सांगितलं?"

आण्णा म्हणाले, "तू काय खोटं लिव्हलंस का?"

"न्हाय."

"मग झालं की."

तिनं भिंतीकडं पाहिलं. देवाच्या तसबिरीशेजारी पतसंस्थेतून परत आलेला तोच लेख काचेत घालून टांगला होता. इतके दिवस तिला ते कौतुक वाटलं होतं. पहिले दोन लेख सोडून हाच का लावला, असं ती कशीबशी म्हणाली. ते म्हणाले, ह्यात माजं नाव लई ठसठशीत आलंय.

करिश्मानं जिद्दीनं नवा लेख लिहिला. दारात येणाऱ्या माणसामुळं गरिबाची बचत कशी टिकते, हे तिनं मांडलं. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. एका भाजीविक्रेतीचं म्हणणं हा पुरावा होत नाही. शिवाय प्रस्तुत लेखिकेनं याच पत्रिकेत पूर्वी नेमकी उलट शिफारस केली आहे. न छापलेला तो लेख तिनं पतसंस्थेतही नेला नाही, नेऊन तरी काय होणार होतं? गरज सरो, वैद्य मरो.

त्या दिवशी कॉलेजात तास नव्हते. दुपार कलली, आण्णांनी मऊ चपला घातल्या. पिशवी पतसंस्थेनं मशीनसकट परत घेतली होती, तरी बाहेर पडताना त्यांचा खांदा सवयीनं जरा तिरका झाला. करिश्मा उठली. मीही येते म्हणाली.

आण्णांनी तिच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत, आणि तेच तिला सोसवेना.

"चल," ते म्हणाले. "फकस्त कुनाला काई इचारू नगंस."