किट दिवसभर काय करतो?

काही माणसं विज्ञानासाठी आयुष्य वेचायलाच जन्माला येतात, असं निरोपसमारंभात म्हणायची पद्धत आहे. आमच्या विजयाअक्कांचं आयुष्य बहुतांशी बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये गेलं. उरलेलं त्यांनी किट नावाच्या एका जनुकाला दिलं.

हे जनुक पहिल्यांदा हाती लागलं ते मांजरांच्या गाठीतून मिळालेल्या एका विषाणूत. तेव्हापासून त्याची ओळख ‘कॅन्सरचं जनुक’ अशीच. आमच्या प्रयोगशाळेत कुणी पाहुणा तसं म्हणाला, की अक्का त्याला अडवत.

“स्वल्प थांबा. गाठीत सापडला, सरी. पण बिघडायच्या आधी दिवसभर काय करतो, ते विचारलं का कुणी?”

मग त्या एक काळा उंदीर दाखवत. त्याच्यात हे जनुक नीट चालत नसे, म्हणून पोटावर पांढरा डाग.

“बघा, रंगाच्या पेशी जगवायचं काम ह्याचं. रक्ताचं, आतड्याच्या हालचालीचंही तोच बघतो. घरातला कर्ता माणूस एकदा पिऊन आला, तर जन्मभर त्याला दारुडाच म्हणायचं काय?”

अक्कांचं मराठी घराणं बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘ठीक’साठी ‘सरी’ हे शब्द मराठी नाहीत, इथले कन्नड आहेत, असं आम्ही पुण्याकडच्यांनी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना आमचीच कीव आली.

अनुदान समितीचे एक सभासद म्हणाले, “मॅडम, शीर्षकात कॅन्सर घाला, लगेच मंजूर होईल.”

“तुमचं नाव घालते हवं तर. कॅन्सर नाही.”

प्रस्ताव परत आला. अक्कांनी पुढल्या खेपेला तोच पाठवला, स्वल्पविरामही न हलवता. शेवटी तो मंजूर झाला, बहुधा कंटाळ्यानं.

मग अक्कांच्याच जठरात गाठ निघाली. गोळ्यांनी ती आक्रसली तरच शस्त्रक्रिया करता येणार होती, आणि गोळ्या लागू पडणार की नाही, हे गाठीत कुठलं जनुक बिघडलंय त्यावर ठरणार होतं. तो रिपोर्ट त्यांनी प्रयोगशाळेतच उघडला. आमची नागपूरची सहकारी स्नेहल खांद्यावरून वाचत होती. ती आनंदानं ओरडली, “अक्का, आपलाच जीन आहे न!” आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

“तोंड कशाला झाकतेस गं? ओळखीचा निघाला. ह्याला गोळी आहे.”

ती गोळी किटला बंद करते. गाठीतल्या आणि गाठीबाहेरच्याही. त्या गोळीनं सकाळी अक्कांचे डोळे सुजलेले असत. तशाच त्या येत आणि आधी उंदरांकडे जात. घरी बसा म्हटलं, तर म्हणत, “त्याला बंद केलंय, मला नाही.” हळूहळू त्यांची कातडी फिकट होत गेली. उंदराच्या पोटाशेजारी स्वतःचा हात धरून त्या म्हणाल्या, “बघा, आता तरी पटलं?”

गाठ आक्रसली. शस्त्रक्रिया झाली, गोळी मात्र चालूच राहिली. अक्का परत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत येत राहिल्या.

निरोपसमारंभात संचालक ‘कॅन्सरच्या जनुकाशी दिलेली झुंज’ या विषयावर बोलले. “स्वल्प थांबा,” अक्का खुर्चीतून म्हणाल्या. ते थांबले नाहीत. त्यांच्या हातात अजून बरेच कागद होते.

चहाच्या वेळी संचालकांच्या पत्नीनं अक्कांना बाजूला घेतलं. “किती उजळलात हो मॅडम! काय लावता?”

अक्कांनी चहा खाली ठेवला आणि रंगाच्या पेशी, त्या जगवणारा किट, तो बंद करणारी गोळी, सगळं नीट सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. किटच्या रोजच्या कामात इतका रस घेणारं माणूस अक्कांना प्रथमच भेटत होतं.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते का, एवढंच बाईंना विचारायचं होतं.