स्वायत्त धुलाई विभाग

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाई विभागात तिला सगळे खळमावशी म्हणत. डॉक्टरांच्या कोटांना खळ घालायचं काम पहिल्यापासून तिचंच. तिच्या मानेलाही जन्मतःच कुणीतरी खळ घातली असावी, कारण ती मान साहेबलोकांसमोर कधी वाकली नाही. अधीक्षक साहेब खाली उतरले की बाकीच्या बायका भिंतीला चिकटायच्या. ही कोट पिळत पिळत म्हणायची, "बोला, कान मोकळेच आहेत."

तर हे अधीक्षक साहेब एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. आठवड्याभरात तळघराच्या दारावर माणूसभर लांबीची लाकडी पाटी चढली, 'स्वायत्त धुलाई विभाग'. साहेबांनी भाषण ठोकलं. "आजपासून तुमचा कारभार तुमच्या हाती. पाळ्या तुमच्या, रजा तुमच्या, निर्णय तुमचे!" टाळ्या झाल्या. खळमावशीने काही टाळी वाजवली नाही. हात ओले आहेत म्हणाली, पण ते खरं नव्हतं.

घरी गेल्यावर तिने लेकीला विचारलं. लेक कॉलेजात शिकवते.

"स्वायत्त म्हणजे स्वतंत्रच ना गं?"

"नाही आई. स्वतंत्र म्हणजे वर कुणीच नाही. स्वायत्त म्हणजे वर कुणीतरी आहेच, पण ठरलेल्या कुंपणाच्या आत तो ढवळाढवळ करत नाही. एखादा प्रांत असतो, विद्यापीठ असतं, त्यांना लावतात हा शब्द."

"आणि कुंपण कोण घालतं?"

"वरचाच."

"मग कळलं. तुझ्या आजीचं स्वयंपाकघर!"

लेक हसली, कारण तो किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. खळमावशी आणि तिची जाऊ, दोघी नव्या सुना असताना सासूने जाहीर केलं होतं, "स्वयंपाकघर तुमचं, मी लुडबुड करायची नाही." आणि कोठीची किल्ली मात्र स्वतःच्या कमरेला. तेल हवं, हात पसरा. मीठ हवं, हात पसरा. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! शेवटी एक दिवस खळमावशीने चूलच पेटवली नाही. सासरे, दीर, नवरा, सगळे ताटकळले. दिवेलागणीला किल्ली मुकाट्याने खिळ्याला लटकली. पुढे म्हातारी हीच गोष्ट चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगायची. म्हणायची, "मी दिली नाही हो, तिने घेतली."

तीच जाऊ आता धुलाईत तिच्या शेजारच्या हौदावर होती. मळक्या चादरी वॉर्डातून यायच्या त्या एका चादरीत बांधलेल्या बोचक्यांतून. त्यातल्या सुया, पाती आधी वॉर्डाने काढायच्या, असा नियम. पाळतो कोण? एके सकाळी जावेने बोचकं सोडलं आणि तिच्या तळहातात सुई शिरली. कुणाची, कुठल्या रोगाची, देव जाणे. रक्त तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. तोवर जाऊ घरात आपलं ताट वेगळं ठेवू लागली, नातवाचा पापा घेईनाशी झाली. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. भीतीने सांगितलं होतं. ते ताट पाहून खळमावशीचं डोकं तापायचं.

बायका हौदाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी निर्णय घेतला. बोचकं दाराबाहेर उघडायचं, वॉर्डाच्या माणसाने, आमच्या डोळ्यांदेखत. न उघडलेलं बोचकं आत येणार नाही.

साहेब तरातरा खाली आले. "हे तुमच्या अखत्यारीत नाही. स्वायत्तता अंतर्गत बाबींपुरती असते."

"सुई हाताच्या आत गेली, साहेब. याहून अंतर्गत बाब कुठली?"

"तिने नीट बघून काम करायला हवं होतं. आणि जास्त ताणाल तर स्वायत्तता काढून घेईन. नोकऱ्यांचंही बघावं लागेल."

"काढून घेता येते, म्हणजे दिलीच कुठे होती?"

एवढं बोलून ती स्टूल घेऊन आली, वर चढली आणि पाटीचे स्क्रू सोडवू लागली. जावेने खालून पाटी धरली. दोघींनी ती दाराबाहेर साबणाच्या दोन पिंपांवर उताणी टाकली.

"शब्द तुमचा, घेऊन जा," खळमावशी म्हणाली. "लाकूड आम्ही ठेवतो. बोचकी यावर सोडायची."

आणि दाराला आतून कडी घातली.

दुपारपर्यंत बाहेर बोचक्यांचा डोंगर झाला. आत जेवढं धुतलेलं होतं तेवढं बाळंतिणींच्या वॉर्डाला गेलं. बाळंतिणींनी आपलं काय घोडं मारलंय, असं खळमावशीचं म्हणणं. पण ऑपरेशनला चादर उरली नाही. वरून सर्जन फोनवर ओरडू लागला. वॉर्डाची माणसं पाटीपाशी यायची, बोचक्याकडे बघायची आणि एकमेकांना कोपराने पुढे ढकलायची. कुणी गाठीला हात लावेना.

शेवटी साहेब पुन्हा उतरले. "केवढा तो बाऊ! सरका, मीच उघडतो."

कडी निघाली. सगळ्या बायका दारात आल्या.

साहेबांनी बाह्या वर केल्या. अंग मागे ठेवलं, मान वळवली आणि दोन बोटांच्या नखांनी गाठीचं टोक ओढलं. एकेक चादर कोपऱ्याला धरून उचलली, झटकली, दूर टाकली. काही निघालं नाही. साहेबांनी कपाळावरचा घाम टिपला.

"बघा! आहे का काही?"

"नाही," खळमावशी म्हणाली. "पण साहेब, तुम्ही गाठ कशी सोडलीत ते पाहिलं आम्ही. माझी जाऊ निष्काळजी होती म्हणालात. तुमच्या बोटांना मात्र पहिल्यापासून माहीत होतं."

साहेबांनी हात खाली घेतले. मागे उभी असलेली वॉर्डाची माणसं जमिनीकडे बघत राहिली.

जाऊ पुढे आली. सुई शिरली होती त्याच हाताने तिने दुसरं बोचकं पाटीवर त्यांच्यासमोर सरकवलं.

"आता हे," ती म्हणाली.

साहेबांनी ते सोडायला घेतलं.