खुंट्यांनी दिलेला कौल

सकाळपासून पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. वारा मात्र कॉलरमधून पाठीत शिरत होता. अशा दिवशी कोट जड येतात, हे मामाला बावीस वर्षांत पाठ झालं होतं. म्हणून तो तासभर आधीच येऊन खुंट्यांचे स्क्रू पिळत बसला होता. संगीत-सभागृहाच्या तळमजल्यावरची कोटखोली हे त्याचं राज्य. सहा रांगा, रांगेत चाळीस खुंट्या, प्रत्येक खुंटीला नंबराचा पितळी बिल्ला. कोट आला की पुढची मोकळी खुंटी, आणि तिचा बिल्ला पाहुण्याच्या हातात. मधली खुंटी सोडून पुढच्या खुंटीवर कोट टांगणं म्हणजे मामाच्या लेखी सदरा उलटा घालून रस्त्यावर येणं.

सभागृहात सगळेच त्याला मामा म्हणत. खरी भाची एकच, आणि आज दुपारी तीनच्या कार्यक्रमात तिचीच रचना पहिल्यांदा वाजायची होती.

मामा मूळचा लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. इथे लागल्यावर पहिलं वर्षभर, आजच्या माणसांनी लिहिलेलं नवं काही वर सुरू झालं की त्याला भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटायचं. मग एकदा चार बासऱ्या आणि एका ढोलासाठी लिहिलेलं काहीतरी लागलं. कोणा बाईनं लिहिलेलं, नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. मामा चहाचं आधण विसरला, भांडं जळलं. मध्यंतरात कोपऱ्यावरच्या औषधदुकानातल्या बाई कोट मागायला आल्या तेव्हा तो सहज म्हणाला, "थांबलात तर बरं. पुढचा भाग त्याच बाईचा आहे." बाई थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या.

तेव्हापासून ही पद्धत पडली. मध्यंतरात लोक येऊन बिल्ला फळीवर ठेवत आणि मामाकडे बघत. नवी रचना ऐकण्याजोगी असली तर मामा बिल्ल्याला हात लावायचा नाही. नसली तर उचलायचा आणि मुकाट्यानं कोट आणून द्यायचा. प्रत्येक रचना तो सकाळच्या तालमीत दाराच्या फटीतून ऐकून घ्यायचा. मॅनेजरच्या जिवलग मित्राची रचना होती तेव्हा त्यानं सत्तर बिल्ले उचलले होते. मॅनेजर महिनाभर त्याच्याशी धड बोलला नाही, पण काढूनही टाकलं नाही. मामाच्या शब्दावर तिकिटं खपत होती.

एरवी नवी रचना मध्यंतरानंतर लगेच वाजवत, साखरेत घोळवलेल्या गोळीसारखी. माणसं खुर्चीत पुन्हा नुकती टेकलेली असत, शेवटी त्यांच्या आवडीचं जुनं असे. पण आजच्या पाहुण्या व्हायोलिनवाल्याला पाचची गाडी गाठायची होती. म्हणून जुनं सगळं आधी, मध्यंतरानंतर फक्त भाचीचं. ज्याला जायचं त्याला दार उघडं.

आज मामा तालीम ऐकून खाली आला आणि फळीला टेकून उभाच राहिला. बावीस मिनिटांची रचना. सुरुवातीला व्हायोलिनं नुसती कुजबुजत होती. मग तळातून ढोलाचे ठोके. तीन. थांबा. तीन. थांबा. दोन. आणि मग जरा जास्तच थांबा. पुन्हा तेच, वरून काहीबाही चढत, उतरत. बरं की वाईट, काही उमगेना. कान जागेवर होते, पण आत कुणी घरात नसावं तसं झालं होतं.

भाची ओल्या बुटांनीच खाली आली.

"मामा, कसं वाटलं?"

"बूट काढ आधी. सर्दी होईल."

"सांग ना."

"नाही सांगता येत गं."

"म्हणजे वाईट."

"वाईट असतं तर पटकन सांगितलं असतं. तुला कडेवर घेऊन फिरलोय, इथेच या फळीखाली बसून तू गृहपाठ केलास. आता तुझं काही ऐकताना माझं मन मधे मधे येतं. कानावर भरवसा राहिला नाही."

तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "नाही पटलं तर उचल बिल्ले. माझ्यासाठी ठेवलेस तर मला कळेल. मग मी तुझ्याशी बोलणार नाही."

ती गेली आणि मॅनेजर आला. "मामा, आज फक्त एक करा. बिल्ल्यांना हात लावू नका. अर्ध्यावर माणसं उठून गेली तर पुढच्या वर्षीच्या यादीत नवं एकही नाव घेणार नाहीत. वरच्यांनी तसं बजावलंय. तुमच्या भाचीचं तर विसराच."

"बघू," मामा म्हणाला.

अडीचला दार उघडलं. ओले कोट, गळक्या छत्र्या, हातमोजे हरवलेले, टोप्या विसरलेले. मामा टांगत गेला. शेवटच्या बाईंना दोनशे पस्तीस नंबर दिला तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. मॅनेजर डोकावला.

"किती?"

"भरलंय जवळजवळ. पाचच खुंट्या उरल्यात."

"काहीतरीच काय. तिकिटं एकशे अठ्ठावन्न फाटलीत."

"मग दारावर तिकिटं फाडणाऱ्या तुमच्या पोरीला मोजता येत नाही."

"नाही तर तुम्हाला," मॅनेजर म्हणाला आणि वर पळाला.

मामा खुर्ची ओढून फळीशी बसला. जुन्यावर टाळ्या पडत होत्या, भरभरून.  बिल्ले खोटेच ठेवले तर भाची गेली. खरं काय ते अजून ठाऊक नव्हतं.

मध्यंतर झालं. जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांत पुढे औषधदुकानातल्या बाईच. त्यांनी बिल्ला फळीवर ठेवला, एकसष्ट. त्यांच्यामागे घड्याळदुरुस्तीवाला, त्यामागे रांग.

"काय मामा? भाचीचं आहे म्हणतात."

मामाचा हात बिल्ल्यावर गेला आणि अधांतरी थांबला. वेळ काढावा म्हणून त्यानं मान वळवून एकसष्ट नंबरकडे पाहिलं.

तीन कोट. एक खुंटी रिकामी. तीन कोट. एक रिकामी. दोन कोट. मग दोन रिकाम्या. पुन्हा तीन.

त्याला आधी स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षांत असा बोळक्या तोंडासारखा पसारा कधी झाला नव्हता. मग तो वरच्या रांगेकडे, खालच्या रांगेकडे बघत गेला. तेच. पहिल्या खुंटीपासून शेवटच्यापर्यंत तेच. आपला पाय फळीखाली ठोका धरतोय, हेही त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"मामा, माझा कोट हरवला की काय?" बाई म्हणाल्या.

"नाही. वाकून बघा जरा आत. रांगा बघा."

बाई फळीवरून वाकल्या. "हे असं का टांगलंय? दमलात का?"

"दमलो नाही. सकाळी तालीम ऐकली, तिचे ठोके आहेत हे. टांगताना हात तिच्याच चालीवर चालले आणि मला पत्ता नाही." त्यानं हात मागे घेतला. बिल्ला जिथे होता तिथेच राहिला. "भाची आहे म्हणून सांगत नाही. सकाळपासून मला बोलताच येत नव्हतं. पहिली पाच मिनिटं काही घडत नाही, तेवढी कळ काढा."

 बाईंनी बिल्ला उचलून पर्समध्ये टाकला आणि त्या जिन्याकडे वळल्या.

घड्याळवाला पुढे सरकला. "मला नाही पटत. भाचीसाठी कुणीही सांगेल."

"मग न्या." मामानं त्याचा कोट मुकाट्यानं आणून दिला. नंतर आणखी बाविसांचे दिले. उरलेले वर गेले, काही कुरकुरत, काही मागे वळून खुंट्यांकडे बघत.

दार लागलं. व्हायोलिनं कुजबुजू लागली. भाची शेवटच्या ओळीत कुठेतरी बसली असेल, नखं खात. आता वर काय होईल ते होईल.

कोटांखाली पाण्याची थारोळी साचली होती. मामानं बादली घेतली, फडकं पिळलं आणि पहिल्या रांगेपासून पुसायला लागला. तीन कोटांखालचं पुसायचा आणि ठोके थांबले की बादलीची कडी हाताने दाबून धरायचा, आवाज नको म्हणून. मग पुढचे तीन.