गाडीचं नाक

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे धाकूबाबांना, दिसेल त्या यंत्रात हात घालायची खोड आहे. तीस वर्षं ते होडीवर इंजिन चालवत होते. आपल्या इंजिनाला दुसऱ्या कुणी पाना लावला की त्यांना नाक कापल्यासारखं वाटतं. मी रत्नागिरीकडची, तोंडाची फटकळ. लग्न होऊन भाईंदरजवळच्या डोंगरीत आले त्याच वर्षी सांगून पाहिलं, "बाबा, निदान माझा मिक्सर तरी सोडा." ऐकतील तर शपथ!

दारातला जुना सीएनजी पिकअप त्यांनी सासूबाईंसाठी घेतला. कमळाबाई तेव्हा बोंबलाची पाटी घेऊन बसनं भाईंदरच्या बाजारात जायच्या आणि लोक नाक मुरडायचे. एकदा एका बाईनं एवढा तमाशा केला की आईंना पाटीसकट अर्ध्या वाटेत उतरावं लागलं. भर उन्हात चालत त्या घरी आल्या. महिन्याभरात बाबांनी हा सेकंडहँड पिकअप आणून उभा केला. तेव्हापासून रोज सकाळी बाबा चालवतात आणि त्या पुढच्या सीटवर बसतात.

गेल्या महिन्यात गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. पाठोपाठ पीयूसीत गाडी नापास झाली. गाडी माझ्या नवऱ्याच्या, प्रीतमच्या नावावर. तो म्हणाला, "रविवारी परत नापास झाली तर सरळ भंगारात. पोलीस मला धरतील, तुम्हाला नाय." आई लगेच म्हणाल्या, "जाऊ दे, मी जाईन बसनं." हे ऐकलं आणि बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून त्यांनी रोग शोधला. ऑक्सिजन सेन्सर. मला समजावलं ते असं, की सायलेन्सरच्या नळीत बोटाएवढं नाक बसवलेलं असतं, ते धूर हुंगतं आणि गॅस कमी-जास्त करायला इंजिनाला सांगतं. अशी दोन नाकं, एक पुढे, एक मागे. दोन्ही म्हातारी झालेली. भाईंदरला इंद्रलोकजवळच्या दिपेशच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून त्यांनी नवी जोडी आणली.

जुनी नाकं काढताना मात्र बाबांच्या नाकी नऊ आले. इतकी वर्षं खारा वारा खाऊन ती नळीला चिकटून बसली होती. दोन दिवस गंज सुटायचा स्प्रे मारला, इंजिन जरा गरम केलं, बावीस नंबरच्या पान्यावर सगळं वजन टाकलं, तेव्हा शनिवारी कुठे ती हलली. नवी बसवली, बॅटरीची वायर काढून परत जोडली. दिवा विझला. बाबांनी ऐटीत किनाऱ्यापर्यंत चक्कर मारली आणि परत आले ते तोंड पाडून. दिवा पुन्हा लागला होता.

"दिपेशनं माल डुप्लिकेट दिला," बाबा म्हणाले. ते बोलून मोकळे. ज्यानं पाना धरला त्याची चूक कशी असेल?

नवी नाकं त्यांनी रात्रीच काढून पिशवीत टाकली. रविवारी सकाळी गाडी बंद, म्हणून आई पाटी घेऊन बसमध्ये चढल्या. नवी नाकं परत करायला बाबाही निघाले, आणि त्यांनी दिपेशशी भांडू नये म्हणून मी. आम्ही बसलो न बसलो तोच पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला. बाबांची मान ताठ झाली. आता हे काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. आईंनी त्यांची बाही ओढली.

"अवो, ते तुमचं नाक दाखवा बगू."

बाबांनी पिशवीतून एक सेन्सर काढून दिला. आयुष्यभर मासळी हुंगून घेतलेली बाई ती. त्यांनी तो सरळ नाकाशी नेला.

"याला तर वंगणाचा वास येतो."

"लावलंय ना. खाऱ्या वाऱ्यात वंगण नसलं तर गंजून जाईल."

"कुटं लावलं?"

"सगळीकडं. टोकापास्नं," बाबा अभिमानानं म्हणाले.

"तुमच्या नाकात वंगण भरलं, तर तुमाला बोंबलाचा वास येल काय?"

अख्खी बस हसली. रुमालवाले गृहस्थसुद्धा. स्टेशन येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते.

दिपेशनं एका वाक्यात निकाल दिला, "काका, फक्त आट्यांना लावायचं, टोकाला बोटसुद्धा नाय." बाबांनी निमूटपणे नवी जोडी घेतली. भांडणाचा विषयच काढला नाही. मी हसू दाबायला दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

दुपारी बाबा गाडीखाली आणि आई शेजारी पाटावर, हातात फडकं. काडीच्या टोकावर वंगण घेऊन बाबा आट्यांना लावत होते आणि प्रत्येक वेळी आईंना दाखवत होते. "एवडं?" "बास." होडीवरच्या माणसांनी हा प्रसंग पाहिला असता तर बाबांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण मला ते दोघं त्या दिवशी फार आवडले.

संध्याकाळी पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. प्रीतम हाताची घडी घालून उभा होता. आईंनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. इतके दिवस 'जाईन बसनं' म्हणणारी ही बाई आतून किती घाबरली होती, ते मला तेव्हा कळलं.

"चाचा, पास."

प्रीतमनं सर्टिफिकेट हातात घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं बाबा." मनापासून म्हणाला. माझे डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

परतताना सिग्नलला थांबलो. मागे आईंची रिकामी पाटी होती, आणि तिच्या मागे एक मोटरसायकलवाला. त्यानं नाकाला रुमाल लावलेला बाबांना आरशात दिसला. त्यांची मान पुन्हा ताठ झाली.

आईंनी पदर सावरला आणि सीटवर जरा ऐसपैस बसल्या.

"मुरडू दे त्याला नाक," त्या म्हणाल्या. "आज तो मागं हाय. आपून पुडं."