कोलमनचं लांबलेलं मरण

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या एका गावात मयताची सगळी व्यवस्था गेराटींकडे. त्यांचा एकुलता एक मुलगा कोलमन सिस्टिक फायब्रोसिस हा आजार घेऊनच जन्मला. छातीत डिंकासारखा चिकट कफ, आणि शाळेत असतानाच त्या कफात स्युडोमोनास नावाच्या जंतूनं बिऱ्हाड थाटलेलं. जंतूच्या विषानं थुंकी हिरवी व्हायची, फुप्फुस पोखरलं जायचं. "विशी पाहिली तर नशीब," म्हणत गावातल्या बायका चर्चमध्ये मेणबत्त्या लावायच्या.

बाप गेल्यावर धंदा कोलमननंच सांभाळला. मेणबत्त्या लावणाऱ्या एकेकीला त्यानंच शवपेटीत नीट निजवलं.

मरणाऱ्याला बोलणार कोण? आई नुआला त्याला कपसुद्धा विसळू देत नसे. मयताची फुलं करणारी ब्रीज लग्नाचा विषय काढायची, तेव्हा "माझं काय, आज आहे उद्या नाही," म्हणून तो सुटायचा. डब्लिनच्या प्रयोगशाळेत मात्र त्याच्या थुंकीला मोठा मान; एकाच छातीत इतकी वर्षं टिकलेला जंतू त्यांना अभ्यासायला मिळत होता.

"तुमचा जंतू निवलाय," तिथल्या बाई म्हणाल्या. "सुरुवातीची जालीम विषं सोडलीत त्यानं. आता नुसता ठाण मांडून बसलाय."

"संसारी झालाय म्हणा की!" कोलमन म्हणाला.

मग त्याच्या आजारावर नव्या गोळ्या आल्या आणि बघता बघता खोकला थांबला. प्रयोगशाळेनं नमुना मागितला. तो खाकरून खाकरून दमला, पण थेंब पडेना. जंतू आत होताच, फक्त हाती लागत नव्हता. कोलमनला उगाच वाईट वाटलं. जगाला त्याच्याकडून हवं होतं ते तेवढंच.

जेवताना आईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"बरा दिसतोस."

"आहे खरा."

"मग पन्हळ साफ करायला माणूस कशाला बोलवायचा? ऊठ! आणि ते बूट दारात कोणी टाकलेत?"

इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं त्या दुपारी वाहून निघालं. कोलमन शिडीवर चढला तो शिव्या खात, आणि मनातून खूश.

तिथून उतरला तो थेट ब्रीजकडे गेला. ती पुष्पचक्राला तार गुंडाळत होती.

"लग्न करतेस माझ्याशी?"

"तेव्हा विचारलं असतंस तर डोळे मिटून हो म्हटलं असतं," ती मान वर न करता म्हणाली. "वाटलं असतं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. आता तू म्हातारा होणार, घोरणार. विचार करायला हवा. तुला कसली घाई आहे आता?"

ईस्टरपर्यंत ताटकळत ठेवून तिनं होकार दिला. तोवर कोलमननं दात दुरुस्त करून घेतले आणि म्हातारपणच्या पेन्शनसाठी पैसेही भरायला लागला. आजवर या दोन्ही गोष्टी त्याला निव्वळ उधळपट्टी वाटत.