शोरूमच्या चॅटवरची माझी जागा

गाड्यांच्या शोरूमची वेबसाइट उघडली की कोपऱ्यात चॅटची छोटी चौकट येते. आमच्या शोरूमच्या त्या चौकटीमागं सात वर्षं मी बसत होते. माझं घर त्याच नोकरीवर चालायचं. गगनबावड्याचा शेतकरी असो नाहीतर राजारामपुरीतला डॉक्टर, चॅटवर पहिला प्रश्न एकच: "शेवटचं किती?" आणि माझं धोरणही एकच. आकडा सांगायचा नाही. आकडा कळलेलं गिऱ्हाईक तो घेऊन दुसऱ्या शोरूमला जातं. आपण विचारायचं, घरात माणसं किती, सासूबाईंचे गुडघे दुखतात का, उंच गाडीत चढता येईल का. मग लिहायचं, "त्यांनाच घेऊन या की, बसवून बघूया." माणूस दारात आला की निम्मं काम झालं.

एक दिवस मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना मी दादा म्हणायचे. नुसतं म्हणायला नव्हे, दर वर्षी राखी बांधायचे. ते म्हणाले, "ताई, चॅटवर आपोआप उत्तर देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं हाय. तीन कंपन्या आल्यात. तुमच्याएवढं ह्यातलं कुणाला कळतंय? तुम्हीच निवडा. तुमचाच भार कमी होईल."

चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. पंधरा दिवस तिन्ही तपासली. स्वतःच गिऱ्हाईक व्हायचं आणि आडवेतिडवे प्रश्न टाकायचे. पहिलं मराठीत विचारलं तरी हिंदीत बोलायचं. दुसऱ्याला "शेवटचं किती?" विचारलं, तर त्यानं सवलतीसकट अख्खा तक्ता पुढं ठेवला आणि वर आभार मानले. म्हटलं, बाबा, तुला ठेवलं तर शोरूमला कुलूपच. तिसरं जरा समजूतदार होतं, शिकवलं तसं शिकत होतं. मग त्याला मी माझ्याकडचं सगळं दिलं. कुणाला काय विचारायचं, कुठं थांबायचं, चिडलेल्या माणसाला कसं शांत करायचं, सगळं वहीत लिहून काढलं आणि त्याच्यात भरलं. रविवारीसुद्धा बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

तेच सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि त्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. बिचारी सहज बोलून गेली, "मॅडम, आता तुम्ही कुठल्या विभागात जाणार? तुमच्या सरांनी पहिल्याच बोलण्यात सांगितलं होतं, चॅटवरची जागा बंद करायची आहे म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच बोलण्यात, म्हणजे मला केबिनमध्ये बोलावायच्याही आधी.

तशीच उठून केबिनमध्ये गेले. दादांनी मान वर केली नाही. म्हणाले, मालकांनी ठरवलंय, दुसरीकडं जागा न्हाय, महिनाअखेरपर्यंत या.

"मालकांचं जाऊ दे," मी म्हटलं. "तुम्ही राखी बांधून घेत होतासा माझ्याकडनं. आधी सांगायला काय झालतं?"

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर एवढं मनापासून शिकवलं असतंसा काय?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कामाला लागले की मी हात राखत नाही, हे ह्या माणसानं सात वर्षं जवळून पाहिलं होतं, आणि नेमकं तेच त्यानं वापरलं. नोकरी दुसरी मिळाली. पण तिथं कुणी "तुम्हालाच कळतंय हे" म्हटलं की मी काम अर्धंच सांगते.